क्रीतानुशय : नगरची जुनी नाणी, सराफाची पारख आणि परतीचा हक्क

१/
समजा, नेवाशातील एका नाणेसंग्राहकाने मोबाइलवर जाहिरात पाहिली : 'निजामशाही फलूस, अहमदनगर टाकसाळ, अस्सल, दुर्मिळ.' पैसे आगाऊ गेले. आठवड्याने तांब्याचे नाणे हाती आले, पण ते छायाचित्रातले वाटेना. विक्रेत्याचे उत्तर एका ओळीचे : 'जुनी वस्तू एकदा विकली की परत घेतली जात नाही.' हे उत्तर कितपत ग्राह्य? हा वाद मोबाइलच्या कितीतरी आधीचा आहे. आपल्याकडे त्याला स्वतंत्र नावही होते. त्या नावापासून आरंभ करू.

२/
धर्मशास्त्राने न्यायसभेत येणाऱ्या वादांचे अठरा प्रकार मानले. त्यांना 'व्यवहारपदे' म्हणत. त्यांतले एक पद 'क्रयविक्रयानुशय'. अनुशय म्हणजे पश्चात्ताप, म्हणजेच घेऊन किंवा विकून मागाहून झालेली हळहळ. मनुस्मृतीने अशा व्यवहाराला १० दिवसांची मुदत दिली. त्या अवधीत घेणाऱ्याने वस्तू परत द्यावी किंवा विकणाऱ्याने परत घ्यावी. हा हक्क दोघांनाही होता. दहा दिवस उलटल्यावर मात्र कोणी कोणावर सक्ती करू नये, केल्यास दंड.

३/
नारदस्मृती अधिक व्यवहारी आहे. पसंत न पडलेली वस्तू त्याच दिवशी, कोणतीही खराबी न करता परत केली तर पूर्ण किंमत मिळावी. दुसऱ्या दिवशी परत केल्यास किमतीचा तिसावा भाग कापावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तू घेणाऱ्याचीच. विक्रेत्याचा माल अडकून पडतो, त्याचा मोबदला त्याला मिळावा, हे यामागचे तत्त्व. आज परतीच्या वेळी कापला जाणारा खर्च नवा नाही, हे यावरून ध्यानात यावे.

४/
याज्ञवल्क्यस्मृतीने वस्तूनुसार परीक्षेचे दिवस ठरवले : लोखंडाला १, दुभत्या जनावराला ३, ओझ्याच्या जनावराला ५, रत्नांना ७, बियाण्याला १०. दोष प्रकट व्हायला जेवढा काळ लागतो तेवढी मुदत, असा हा हिशेब. बी उगवते की नाही, गाय किती दूध देते, हे विकत घेतल्याक्षणी कळत नाही. याच यादीत विकत घेतलेल्या पुरुषांना आणि स्त्रियांनाही 'परीक्षेचे' दिवस नेमून दिले आहेत. ज्या समाजाचा हा कायदा होता, त्याचे हेही अंग नजरेआड करू नये.

५/
आपल्या वादाला लागू पडतील असे आणखी दोन नियम नारदाने दिले. पहिला : घेणाऱ्याने आधी स्वतः गुणदोष पारखावेत, पारखून, पसंत करून घेतलेली वस्तू विक्रेत्याकडे परत जात नाही. दुसरा : निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने किमतीच्या दुप्पट रक्कम भरावी आणि तेवढाच दंडही द्यावा. छायाचित्र एका नाण्याचे आणि पाकिटात दुसरेच नाणे, हा प्रकार नारदाला परका वाटला नसता.

६/
हे ग्रंथ दूरच्या देशीचे नव्हेत. याज्ञवल्क्यावरील 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी (१०७६-११२६) लिहिली. सतराव्या शतकात 'व्यवहारमयूख' लिहिणारा नीलकंठ भट्ट काशीत राहत होता, पण त्याचे घराणे मूळ पैठणचे. शेवगाव तालुक्याला लागून असलेले हे गोदावरीकाठचे पैठण. पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू कायद्यासाठी हेच दोन ग्रंथ प्रमाण मानत.

७/
शास्त्राचा हा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे : वस्तू घेणाऱ्याला परीक्षेची संधी मिळालेली असते. नाण्याच्या बाबतीत मात्र संधी मिळूनही सामान्य माणसाचे भागत नसे. धातूचा कस डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पारख हाच एक व्यवसाय झाला. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त टाकसाळीच्या माणसांत सराफाला मानाचे स्थान दिले आहे. मराठी मुलखात गावपातळीवर हे काम पोतदाराचे. तो बहुधा सोनार असे आणि सारा भरताना आलेली नाणी पारखून घेई.

८/
आता नगरकडे येऊ. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून फुटून निजामशाही उभी केली आणि पुढे अहमदनगर वसवले. या घराण्याची आज प्रामुख्याने सापडतात ती तांब्याची नाणी, म्हणजे फलूस. मुर्तजा निजामशहापासून (१५६५-१५८८) ती ठळकपणे दिसू लागतात. ही नाणी जाड, ओबडधोबड. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे फारसी मजकुराचा काही भागच नाण्यावर उमटे. टाकसाळीचे नाव किंवा हिजरी साल पुष्कळदा अर्धवटच वाचता येते. आजच्या किती तरी वादांचे मूळ या अर्धवट अक्षरांत आहे.

९/
१६०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला आणि नगरच्या टाकसाळीत बादशाही नावाचे चांदीचे रुपये पडू लागले. मोगल रुपयाचे वजन साधारण ११.४ ग्रॅम. पुढे १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे, १७९७ मध्ये शिंद्यांकडे आणि १८०३ मध्ये इंग्रजांकडे गेला. सत्ता बदलली तरी जुने रुपये चालतच राहत. अंकुशी, चांदवडी अशा नाना टाकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. प्रत्येकाचा कस वेगळा, म्हणून प्रत्येकावर बट्टा वेगळा. 'रुपया' म्हणून भागत नसे; कोणता रुपया, हे सांगावे लागे.

१०/
अशा बाजारात वाद जागच्या जागी मिटे. सराफ नाणे काट्यावर घाली, वाजवून त्याचा आवाज ऐके, कसोटीवर घासून पाही. गरज पडल्यास एखादी लहानशी खूण ठोकून आत दुसरा धातू तर नाही ना, याची खात्री करी. मोगल आणि मराठा रुपयांवर अशा बारीक खुणा आजही दिसतात : फुली, टिंब, चांदणी. 'हे माझ्या हातून गेले आहे, मी पारखले आहे', असे त्या खुणेचे म्हणणे. अनोळखी माणसाच्या हातचे नाणे दुसऱ्या अनोळखी माणसाने घ्यावे, एवढा विश्वास त्या खुणेत होता.

११/
१८३५ मध्ये कंपनी सरकारने एकसमान रुपया आणला : वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात अकरा-बारांश शुद्ध चांदी. जुने रुपये दख्खनमधून लगेच नाहीसे झाले नाहीत. पण हळूहळू बट्टा गेला आणि त्याबरोबर सराफाची ती रोजची पारखही गेली. मागे उरलेली जुनी नाणी काही काळ मोडीची चांदी ठरली आणि नंतर संग्राहकांची ठेव. इथे एक उलटापालट झाली. जी खूण विश्वासाचा पुरावा होती, तीच संग्राहकाच्या लेखी 'डाग' ठरली. जाहिरातीत तिचा उल्लेख नसला की आज त्यावरून भांडण होते.

१२/
म्हणजे पारख कशाची करायची, हेच बदलले. पूर्वी प्रश्न असे : चांदी किती? आता प्रश्न असतो : हे नाणे कोणाचे, केव्हाचे, कोणत्या टाकसाळीचे, आणि ते जसे होते तसेच आहे का? काटा आणि कसोटी यांतल्या पहिल्या प्रश्नाला पुरतात, बाकीच्यांना नाही. म्हणून जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन विक्रीतले वाद चार प्रकारचे असतात. ते वेगवेगळे ओळखले तरच न्याय करता येतो.

१३/
पहिला प्रकार बनावट नाण्याचा. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. अस्सल होन अत्यंत थोडे उरले आहेत, त्यामुळे नकली होनांना तोटा नाही. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसतात, कडेला साच्याची जोडरेघ असू शकते, वजन जुळत नाही. इथे विक्रेत्याला ठाऊक होते की नव्हते, हा प्रश्न दुय्यम आहे. जे विकतो म्हणून सांगितले, ते दिले गेलेच नाही.

१४/
दुसरा प्रकार चुकीच्या ओळखीचा, आणि हा अधिक वेळा घडतो. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' असलेली शिवराई महाराजांनंतरही दीर्घकाळ पडत राहिली. पेशवाईत तर ती मोठ्या प्रमाणावर पडली. नाणे अस्सल, जुने, तांब्याचे. परंतु 'शिवकालीन' म्हणून विकलेले नाणे शंभर वर्षांनंतरचे निघते. नकली नाही, म्हणून विक्रेता नामानिराळा होऊ पाहतो. खरेदीदाराने मात्र पैसे मोजले ते 'शिवकालीन' या एका शब्दाचे.

१५/
तिसरा प्रकार झाकलेल्या बदलाचा. आपल्याकडे रुपये माळेत ओवून अंगावर घालण्याची रीत होती. त्यासाठी नाण्याला कडी डाखत. मागाहून ती कडी काढून कड घासली की छायाचित्रात काही दिसत नाही. तांब्याच्या नाण्यावर काळाने चढलेला थर चिंचेने किंवा आम्लाने उतरवला की ते झगमगते, पण संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत उतरते आणि ती पुन्हा चढत नाही. झिजलेली अक्षरे कोरून ठळक करणे तर याहून वाईट.

१६/
चौथ्या प्रकारात दोषी विक्रेता नसतो. खरेदीदार चांगले नाणे ठेवून घेतो आणि आपल्याजवळचे हलके नाणे 'परत' पाठवतो. किंवा नाणे चिंचेने धुऊन पाहतो, बिघडले की परतीचा अर्ज करतो. घरातले जास्तीचे नाणे विकणाऱ्या लहान संग्राहकाला हा फटका मोठा असतो. 'परत घेतली जात नाही' ही ओळ पुष्कळदा अशा अनुभवातून लिहिलेली असते. त्या भीतीत तथ्य आहे. तिच्यावरचा तो उपाय मात्र टिकणारा नाही.

१७/
कारण आजचा कायदा. १८७२ च्या करार अधिनियमातील विक्रीचे प्रकरण वेगळे काढून १९३० चा मालविक्री अधिनियम झाला. त्याचे कलम १५ सांगते की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. कलम ४१ नुसार, माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत खरेदीदाराने तो स्वीकारला असे मानत नाहीत. कलम ४२ खरेदीदारालाही बांधते : नकार न कळवता वाजवी काळ माल ठेवून घेतला, किंवा विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत कृती केली, तर माल स्वीकारला असे ठरते. नाणे चिंचेने धुणाऱ्याने हे कलम वाचावे. नारदाची 'खराबी न करता' ही अट निराळ्या भाषेत इथे पुन्हा भेटते.

१८/
२०२० पासून ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालचे ई-वाणिज्य नियम लागू आहेत. माल सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास वा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचे असते. सदोष माल पावतीवरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणे, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मनूच्या दहा दिवसांचे तीस झाले, असे म्हणता येईल.

१९/
एक भेद मात्र नीट ध्यानात घ्यावा. स्मृतींनी 'अनुशय' मानला होता : निव्वळ मन फिरले तरी ठरावीक दिवसांत परत. आजचा कायदा दोष मानतो, हळहळ नव्हे. नाणे वर्णनाप्रमाणेच आहे, पण आता नकोसे झाले, तर परती ही विक्रेत्याने जाहीर केलेल्या धोरणावर अवलंबून. शिवाय ई-वाणिज्य नियम नियमित व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहेत. स्वतःच्या संग्रहातले एखादे नाणे विकणाऱ्या व्यक्तीला ते लागत नाहीत. तिला १९३० चे कलम १५ मात्र लागतेच. आणि पुन्हा विकण्यासाठी घेणारा व्यापारी कायद्याच्या व्याख्येत 'ग्राहक' बसत नाही.

२०/
'पण मी आधीच लिहून ठेवले होते की परत नाही', या बचावाबद्दल नगर जिल्ह्याचाच एक धडा आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उसळलेला शेतकऱ्यांचा दंगा श्रीगोंदे, पारनेर या बाजूंना पसरला. लोकांनी सावकारांचे रोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले. कागदावर जे लिहिले होते ते अंगठा उठवणाऱ्याला वाचता येत नव्हते, दिलेल्या पैशांची पावती मिळत नव्हती आणि न्यायालय मात्र कागदच खरा मानत होते.

२१/
त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपासून त्याचा आरंभ झाला. न्यायाधीशाने रोख्याच्या पलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासावा, सावकाराने पावती आणि हिशेब द्यावा, दस्त ग्रामनिबंधकासमोर व्हावा, अशा तरतुदी त्यात होत्या. कर्ज आणि नाण्याची विक्री या वेगळ्या गोष्टी खऱ्या. पण एका पक्षाने एकतर्फी लिहिलेली ओळ म्हणजे व्यवहाराचे अंतिम सत्य नव्हे, हे तत्त्व या मातीत मोठी किंमत मोजून रुजले.

२२/
म्हणून नेवाशाच्या त्या संग्राहकाला मार्ग आहे. नाणे न धुता, न घासता, नकार लगेच लेखी कळवावा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात अर्ज करता येतो; विक्रेता कोलकात्याचा असला तरी संग्राहकाला नगरच्या पलीकडे जावे लागत नाही. मुदत २ वर्षे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

२३/
वादाचे एक कारण आणखी खोल असते : विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता का? १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेले, १० रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याने शंभर वर्षांवरील नाणे पुरावस्तू ठरते. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. 'शेतात सापडलेला हंडा' ही जाहिरात म्हणजे अस्सलपणाची हमी नव्हे, धोक्याची सूचना आहे.

२४/
फसवणुकीचा प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. 'तुमचे जुने नाणे लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा', असे सांगून विकणाऱ्यालाच लुबाडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की असे व्यवहार ती करत नाही, त्यासाठी शुल्क वा दलाली मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. पैसे देणारा विक्रेता आणि पैसे घेणारा खरेदीदार दिसला की तिथेच थांबावे.

२५/
मग आज सराफाची खूण कोणती? ती आहे वर्णन. काट्यावरचे वजन ग्रॅमच्या दोन दशांशांपर्यंत, व्यास, दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे, कडीचा किंवा धुतल्याचा स्पष्ट उल्लेख. जे वाचता येते ते लिहावे. जे अनुमान आहे ते अनुमान म्हणून लिहावे. परतीची मुदत आणि अटी आधी सांगाव्यात. पाकीट बंद करतानाचे आणि उघडतानाचे चित्रण दोघांनीही ठेवावे. वजन आणि छायाचित्र नोंदलेले असेल तर बदललेले नाणे परत पाठवणाराही पकडला जातो. नेमके वर्णन विक्रेत्याला अडकवते, तसे वाचवतेही.

२६/
प्रश्न केवळ काहीशे रुपयांचा नाही. निजामशाहीच्या कोणत्या टाकसाळीत, कोणत्या साली नाणी पडली, हे समजण्याचा मोठा आधार ती नाणीच आहेत. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात अशी साधने जपली आहेत. पण बहुसंख्य नाणी लोकांच्या हाती आहेत आणि त्यांचे वाचन जाहिरातींतून पसरते. 'अहमदनगर टाकसाळ' असे चुकीने लिहिलेले एक नाणे दहा जणांनी तसेच पुढे विकले, तर अकरावा त्याला इतिहास मानतो. वादात सापडलेले नाणे परत घेऊन त्याचे वर्णन दुरुस्त करणारा विक्रेता एका ग्राहकाचे पैसे परत करतो, आणि या जिल्ह्याच्या इतिहासातली एक खोटी नोंदही मागे घेतो.

(धागा समाप्त)